अँजिओग्राफीचा आग्रह मी का सोडला

हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसाची दरवर्षी अँजिओग्राफी झालीच पाहिजे, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. सीटी नको, स्ट्रेस इको नको. मनगटातून किंवा जांघेतून कॅथेटर घालायचा, कोरोनरी धमन्यांत थेट डाय सोडायचा आणि पडद्यावर पाहायचं, एवढाच मार्ग मला मान्य होता. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या फिजिशियनला या विषयात मत असायचं कारण काय, असं कुणीही विचारील. माझ्याकडे कॅथलॅब नाही, हृदय बदलणारे सर्जन इथून फार लांब आहेत. पण ज्याचं हृदय बदललं तो माणूस शस्त्रक्रियेनंतर महानगरात राहत नाही. तो आपल्या शिवारात परत येतो. त्याचं बीपी, साखर, क्रिएटिनिन, पावसाळ्यातले जुलाब, दाढदुखी, टँकरचं पाणी प्यावं की न प्यावं हा प्रश्न, हे सगळं माझ्यासारख्याच्या टेबलावर येतं. "यंदाची तपासणी झाली का?" हेही त्याला आम्हीच विचारतो. त्या तपासणीबद्दलचं माझं मत आता पुष्कळ बदललं आहे. कशामुळे बदललं आणि कुठवर बदललं, ते लिहून काढावंसं वाटलं.

ही तपासणी ज्या आजारासाठी करायची त्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण डॉक्टरी पेशाबाहेरच्या माणसाला तो सहसा ठाऊक नसतो. लोकांना वाटतं, विशी-पंचविशीतल्या दात्याचं निरोगी हृदय बसवलं, आता त्यात ब्लॉकेज कुठून येणार? याचं उत्तर वैद्यकाला अगदी सुरुवातीलाच मिळालं होतं. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवलं. तो पहिला रुग्ण, लुई वॉशकान्स्की, 18 दिवस जगला. दुसरे रुग्ण होते फिलिप ब्लायबर्ग, व्यवसायाने दंतवैद्य. जानेवारी 1968 मध्ये त्यांना एका 24 वर्षांच्या तरुणाचं हृदय मिळालं आणि ते ऑगस्ट 1969 पर्यंत जगले. त्यांच्या शवविच्छेदनात जे दिसलं त्याने डॉक्टर हादरले. चोवीस वर्षांच्या तरुणाच्या त्या हृदयातल्या कोरोनरी धमन्या जागोजागी अरुंद झाल्या होत्या, एखाद्या वृद्धाच्या असाव्यात तशा. दीड-पावणेदोन वर्षांत एवढी मजल गेली होती.

याचं कारण मुख्यतः शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे. नवं हृदय परकं आहे हे शरीर कधीच पूर्णपणे विसरत नाही. औषधांनी त्याला दाबून ठेवलं तरी धमन्यांच्या आतल्या अस्तरावर त्याचा मंद मारा चालू राहतो. अस्तर दुखावतं, त्याखालच्या पेशी वाढत जातात आणि भिंत आतल्या बाजूने जाड होते. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, काही विषाणूंचे संसर्ग हे त्यात भर घालतात. आंतरराष्ट्रीय नोंदवहीतले आकडे सांगतात, की प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांनी अँजिओग्राफीत दिसेल इतका हा आजार दहांपैकी साधारण तिघांना झालेला असतो आणि दहा वर्षांनी जवळपास निम्म्यांना. पहिलं वर्ष पार केलेल्या माणसाच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत तो आहे.

त्यातही सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तो दुखत नाही. दात्याच्या छातीतून हृदय काढताना त्याचे मज्जातंतू कापावेच लागतात आणि ते पुन्हा जोडता येत नाहीत. पुढे काही वर्षांत काही तंतू थोडेफार वाढतात, पण त्यांचा भरवसा नाही. म्हणून तुमच्या-माझ्या छातीत रक्त कमी पडलं की जी कळ उठते, डाव्या हाताला जे दुखतं, ते या माणसाला बहुधा होतच नाही. बसल्याजागी त्याची नाडी नव्वद-शंभरच्या घरात चालते, कारण तिला आवर घालणारी व्हेगस नसही तुटलेली असते. आजाराची पहिली खूण म्हणजे थेट पाय सुजणं, दम लागणं, नाहीतर अचानक मृत्यू. म्हणून तक्रार नसतानाही शोधत राहावं लागतं, आणि दर वर्षी शोधावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा उभा राहिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 16 फेब्रुवारी 1968 रोजी, म्हणजे बर्नार्डनंतर अडीच महिन्यांच्या आत, हृदय प्रत्यारोपण केलं. जगातल्या अगदी पहिल्या मोजक्या प्रयत्नांपैकी तो एक होता. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी त्यांनी दुसरा प्रयत्न केला, तोही टिकला नाही. मराठी माणसांनी सेन यांचं नाव जितकं लक्षात ठेवायला हवं होतं तितकं ठेवलेलं नाही, याची मला खंत आहे. मग मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता देणारा अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 साली संसदेत झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र 2015 च्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. पुण्यातल्या दात्याचं हृदय विमानाने आणि ग्रीन कॉरिडॉरने मुलुंडला पोचलं आणि डॉ. अन्वय मुळे यांनी ते बदलापूरच्या एका तरुणाच्या छातीत बसवलं. केईएमनंतर 47 वर्षांनी. त्यानंतर राज्यात ही शस्त्रक्रिया नियमित होऊ लागली. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय समित्या अवयवांचं वाटप करतात.

शरीराबाहेर हृदय साधारण चार तास तग धरतं. त्या चार तासांसाठी आपण काय काय करतो! सिग्नल थांबवतो, रस्ते मोकळे करतो, पोलीस उभे करतो, विमान सज्ज ठेवतो, आणि हे सगळं करायलाच हवं. पण ज्याच्यासाठी केलं तो माणूस बरा होऊन लातूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतला, की ते अंतर पुढे आयुष्यभर दर वर्षी त्याने एकट्याने तोडायचं असतं. लातूरला एसटीने, तिथून रात्रीची रेल्वे, सकाळी मुंबई, मग लोकल, मग रांग. सोबत कुणीतरी हवंच. राहायची सोय हवी. परत आल्यावर त्या आठवड्याची मजुरी बुडालेली असते. ही बाजू मला माहीत नव्हती असं नाही. पण ती वैद्यकीय निर्णयाबाहेरची बाब आहे, असं मी धरून चाललो होतो.

हे धरून चालण्यामागे माझं शिक्षण होतं. वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला मनावर बिंबवलं गेलं, की धमनी पाहायची तर अँजिओग्राफी. बाकी सगळे अंदाज. पुढे रोजच्या कामात त्याचा पुरावाही मिळत गेला. ट्रेडमिल चांगली आली म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाला महिन्याभरात झटका आल्याचं कोणत्या डॉक्टरने पाहिलेलं नाही? उलट अँजिओग्राफीतला ऐंशी टक्क्यांचा ब्लॉक हा ऐंशी टक्क्यांचाच ब्लॉक. तो दाखवता येतो, नातेवाइकांना समजावता येतो. प्रत्यारोपणाच्या बाबतीतही 2010 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वर्षाला किंवा दोन वर्षांतून एकदा अँजिओग्राफी करा असंच सांगत होत्या, आणि आजाराच्या शून्य ते तीन अशा पायऱ्याही अँजिओग्राफीच्याच आधाराने ठरलेल्या होत्या. त्या वेळी हाती असलेल्या पुराव्याला माझं मत धरून होतं.

माझ्याकडे एक तरुण शेतकरी येतो. त्याचं प्रत्यारोपण मुंबईत झालं. ओळख पटेल असं त्याच्याबद्दल काही लिहीत नाही. पहिली काही वर्षं त्याने सगळ्या तारखा पाळल्या. पहिल्या वर्षात तर मानेच्या शिरेतून हृदयाचा तुकडा काढायच्या बायोप्सीही त्याने न कुरकुरता सहन केल्या. मग एका वर्षी अँजिओग्राफीची तारीख सोयाबीन काढणीत आली आणि राहिली. पुढच्या वर्षी घरात लग्न निघालं. त्यानंतर कारणही उरलं नाही. मी दर भेटीत विचारायचो, चिठ्ठी लिहून द्यायचो, कधी आवाज चढवायचो. एकदा तो शांतपणे म्हणाला, "सर, दुखत तर काईच न्हाई. मंग वर्साला तार कशाला घालायची?" त्याची आई सोबत होती. तिने पदर सावरत म्हटलं, "डॉक्टरसाहेब, लेकराचं काळीज एकदा काढून बदललंय. आता त्यात परत तार घालून बघतेत म्हणलं की मला झोप येत न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, दुखत नाही म्हणूनच बघावं लागतं." माझं उत्तर शास्त्राला धरून होतं. तरीही तो गेला नाही. घरी आल्यावर माझ्या मनात एक साधा हिशेब सुरू झाला, आणि त्या हिशेबातूनच माझं मत हलायला लागलं. शंभर टक्के अचूक चाचणी जर तीन वर्षांतून एकदाच होणार असेल आणि थोडी कमी अचूक चाचणी दर वर्षी होणार असेल, तर न दुखणारा, हळूहळू वाढणारा आजार कोणत्या चाचणीत लवकर सापडेल? चाचणीची अचूकता आजवर मी कॅथलॅबमधल्या टेबलावर मोजत आलो होतो. ती मोजायची त्या माणसाच्या आयुष्याच्या लांबीवर, असं पहिल्यांदा वाटलं.

एवढ्यावर मी आग्रह सोडला नसता. गैरसोय आहे म्हणून कमअस्सल तपासणी पत्करायची हे मला पटलं नसतं, आजही पटत नाही. गरिबाला आणि लांबच्याला दुय्यम उपचार हे धोरण म्हणून तर मुळीच नको. म्हणून मी आधी हे तपासलं, की ज्या अँजिओग्राफीला मी कसोटी मानतो ती या आजारात खरंच कसोटी आहे का? तिथे जे वाचलं त्याने मी जास्त अस्वस्थ झालो.

अँजिओग्राफीत धमनीची भिंत दिसत नाही. दिसतो तो आतल्या पोकळीत भरलेल्या डायचा आकार. नेहमीच्या हृदयविकारात अडथळा एखाद्या जागी असतो, त्याच्या अलीकडची-पलीकडची धमनी बरी असते, त्यामुळे अरुंद जागा उठून दिसते. प्रत्यारोपित हृदयातला आजार बहुतेक वेळा धमनीच्या पूर्ण लांबीत, चहूबाजूंनी सारखा पसरतो. आमच्याकडे विहिरी-बोअरच्या जड पाण्याने ठिबकच्या नळ्या आतून क्षार धरतात तसं हे असतं: खडा अडकला तर जागा सापडते, पण सगळी नळीच आतून सारखी जाडावली तर बाहेरून ती अख्खी आणि सुबकच दिसते. तुलना करायला निरोगी जागाच उरत नाही. शिवाय बारीक फांद्या अँजिओग्राफीत धड दिसत नाहीत आणि हा आजार त्यांनाही धरतो.

हे सिद्ध कसं झालं? धमनीच्या आत अल्ट्रासाउंडचा बारीक प्रोब नेऊन भिंतीची जाडी थेट मोजली तेव्हा. ज्यांची अँजिओग्राफी "नॉर्मल" होती अशा अनेकांच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या. पहिल्या वर्षात ती जाडी अर्ध्या मिलिमीटरने किंवा त्याहून जास्त वाढली, तर पुढच्या वर्षांत मृत्यूचा आणि हृदय निकामी होण्याचा धोका बराच वाढतो, हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसलं. अर्धा मिलिमीटर! म्हणजे मी ज्या चित्रावर डोळे झाकून विश्वास ठेवत होतो, ते चित्र सुरुवातीचा आजार बऱ्याचदा दाखवतच नव्हतं. मग वर्षातून एकदा त्या तरुणाच्या मनगटात सुई घालून मी त्याला जे आश्वासन देऊ पाहत होतो, त्याची किंमत काय होती?

त्यानंतर मी शरीरात कॅथेटर न घालता होणाऱ्या तपासण्यांकडे वळलो. त्या सगळ्या सारख्या नाहीत, आणि यांतल्या काहींबद्दल माझं जुनं मत आजही कायम आहे.

ट्रेडमिलचा इथे उपयोग नाही, हा विषय तिथेच संपतो. डोब्युटामिन स्ट्रेस इको बऱ्याच ठिकाणी करतात, कारण यंत्र हाताशी असतं आणि किरणोत्सर्ग नसतो. औषधाने हृदय जोरात पळवायचं आणि एखादा भाग मागे पडतो का ते बघायचं. त्यात दोष सापडला तर तो बहुधा खरा असतो. पण दोष सापडला नाही म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. बरेच आजारी लोक त्यातून निसटतात. केवळ इकोवर विसंबून माणसाला घरी पाठवणं मला आजही धोक्याचं वाटतं. समस्थानिकाचं साधं स्कॅन, म्हणजे थॅलियम किंवा सेस्टामिबीचं, हृदयाच्या एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करतं. सगळीकडेच रक्त सारखं कमी पडत असेल तर ते स्कॅन छान समतोल दिसतं. या आजाराचं स्वरूपच तसं आहे, म्हणून ते अपुरं.

पेट स्कॅनने मात्र माझं पूर्ण लक्ष वेधून घेतलं. त्यात तुलना करत बसावं लागत नाही. हृदयाच्या स्नायूच्या प्रत्येक ग्रॅमला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळतं हे थेट आकड्यात मिळतं. आधी विश्रांतीत मोजतात, मग धमन्या रुंदावणारं औषध देऊन. निरोगी हृदयात हा प्रवाह दुपटी-तिपटीने किंवा त्याहून जास्त वाढतो. दुपटीलाही पोचत नसेल तर संशय धरायचा. मोठ्या धमन्यांबरोबर बारीक फांद्यांचीही खबर त्यात मिळते. हा आकडा खालावलेल्या रुग्णांना पुढे जास्त त्रास होतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आयोडीनचा डाय लागत नाही, म्हणून मूत्रपिंडांना झळ नाही. एका गोष्टीची काळजी मात्र घ्यावी लागते: अ‍ॅडेनोसिन दिलं तर प्रत्यारोपित हृदय त्याला जरा जास्तच प्रतिसाद देतं, ठोके फार मंदावू शकतात. म्हणून ते अनुभवी माणसाच्या हातीच द्यायला हवं.

हे वाचून मी उत्साहाने चौकशी केली, आणि अडचण लगेच समोर आली. कॅन्सरच्या पेट स्कॅनमध्ये जे औषध वापरतात त्याचं अर्धायुष्य पावणेदोन तासांहून थोडं जास्त असतं. त्यामुळे ते एका शहरात बनवून गाडीने दुसरीकडे नेता येतं. हृदयाचा प्रवाह मोजायला लागणाऱ्या नायट्रोजन-13 अमोनियाचं अर्धायुष्य दहाच मिनिटांचं, म्हणून ते बनवणारा सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा. रुबिडियम-82 चं तर सव्वा मिनिटाचं. त्यासाठी वेगळा, महागडा जनरेटर लागतो. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी पेटचं यंत्र आलं तरी ही तपासणी तिथे आपोआप होणार नाही. आमच्या भागातल्या माणसाला यासाठी महानगरच गाठावं लागेल. तरीही मी म्हणेन, मुंबईला जायचंच असेल आणि तिथे ही सोय असेल, तर धमनीत कॅथेटर न घालता होणारी ही तपासणी आधी विचारात घ्यावी.

उरते सीटी अँजिओग्राफी, आणि माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते इथे. सीटीत पोकळीबरोबर भिंतही दिसते. म्हणजे जे चित्र अँजिओग्राफी देऊ शकत नाही त्याचा काही अंश ती देते. 2014 साली प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. 64-स्लाइस यंत्रावर, अँजिओग्राफीत आजार दिसलेल्या शंभरांपैकी सुमारे 97 जणांत तो सीटीने ओळखला. निरोगी शंभरांपैकी एकोणीसेक जणांना तिने उगाच संशयित ठरवलं. सोप्या शब्दांत सांगायचं तर सीटीने "काही नाही" म्हटलं तर त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. "काहीतरी आहे" म्हटलं तर मात्र पुढे जाऊन खात्री करावी लागते. गाळणी म्हणून मला हेच हवं होतं. दर वर्षी सगळ्यांच्या धमन्यांत कॅथेटर घालण्याऐवजी ज्यांना गरज आहे त्यांच्याच घालायचा.

तिच्या मर्यादा लपवून हे लिहिणं बरोबर होणार नाही. दीड मिलिमीटरपेक्षा बारीक फांद्या सीटीत नीट येत नाहीत. प्रत्यारोपित हृदय जोरात धडधडत असल्याने चित्र हलतं. बीटा ब्लॉकर किंवा इव्हाब्राडीन देऊन ठोके खाली आणावे लागतात, नाहीतर ड्युअल सोर्ससारखं वेगवान यंत्र लागतं. आणि मूत्रपिंडांचा मुद्दा: सीटीला अनुकूल म्हणून तो अनेकदा पुढे केला जातो, मीही एकेकाळी तोच पुढे करणार होतो. तपासल्यावर तो सोडून दिला, कारण सीटीलाही आयोडीनचा डाय लागतोच, साध्या अँजिओग्राफीइतकाच किंवा जवळपास तेवढा. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी या लोकांची मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डायची प्रत्येक मात्रा, कुठल्याही मार्गाने दिली तरी, विचार करूनच द्यायची. एमआरआयत डायच्या जागी गॅडोलिनियम लागतं आणि त्यातूनही रक्तप्रवाह मोजता येतो. पण प्रत्यारोपित हृदयाचा असा एमआरआय वाचणारी अनुभवी माणसं कमी आहेत.

मग सीटीच्या बाजूने नेमकं काय राहतं? धमनीत काही न घालणं, हे आहेच. अनुभवी हातांत निदानासाठीच्या अँजिओग्राफीत गंभीर गुंतागुंत शंभरात एकालाही होत नाही हे खरं, पण दर वर्षी, वीस वर्षं, तोच धोका पुन्हा पुन्हा पत्करायचा असतो. आणि त्या आईची झोप, जिला मी एकेकाळी वैद्यकीय कारण मानलं नसतं. भीतीमुळे माणूस तपासणी टाळतो, टाळल्याने आजार लपतो. मग ती भीती वैद्यकीय कारण नाही तर काय?

लवकर शोधून करायचं काय, हाही प्रश्न योग्य आहे. शोध लागूनही हाती काही नसेल, तर एवढी धावपळ निरर्थक ठरेल. तसं नाही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्यारोपणानंतर लवकर प्रवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध सुरू केलेल्या रुग्णांचं जगणं वाढलं आणि धमन्यांचा आजारही कमी झाला. 2003 साली एव्हरोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाबद्दलचा अभ्यास आला. या औषधाने धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावतो हे दिसलं. आजार सुरुवातीला सापडला तर औषधं बदलता येतात, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांवरचं नियंत्रण कडक करता येतं. उशिरा सापडला तर स्टेंट टाकून थोडा काळ मिळतो, पण आजार सगळीकडे पसरलेला असल्याने तो फार काळ पुरत नाही. शेवटचा उपाय म्हणजे पुन्हा प्रत्यारोपण, आणि आपल्याकडे एकदाच हृदय मिळायला किती थांबावं लागतं हे प्रतीक्षायादीतल्या घरांना विचारावं. म्हणून या आजारात वेळ हेच मोठं औषध आहे असं मी समजतो. (स्टॅटिन लिहून देताना सायक्लोस्पोरिनने त्याची रक्तातली पातळी वाढते हे माझ्यासारख्या खेड्यातल्या डॉक्टरने विसरू नये. आणि रुग्णाने पपनस खाऊ नये. त्याने टॅक्रोलिमसची पातळी वर जाऊ शकते.)

आता मी काय सांगतो? पहिल्या वर्षातली अँजिओग्राफी, शक्य असेल तर आतल्या अल्ट्रासाउंडसह, व्हायलाच हवी. तिथे मी जराही मागे हटलेलो नाही. दात्याच्या धमन्यांत आधीपासून काय होतं आणि नवं काय होतंय हे ठरवायला तो पाया लागतो, आणि पहिल्याच वर्षात भिंत जाडावते आहे का हे कळणं पुढच्या सगळ्या निर्णयांसाठी महत्त्वाचं असतं. त्यानंतर, पाया स्वच्छ असेल, इकोत हृदयाचा जोर चांगला असेल, मूत्रपिंडं ठीक असतील, शरीराने नकाराच्या खुणा दाखवल्या नसतील, तर वर्षाची तपासणी सीटीने किंवा सोय असेल तिथे पेटने व्हावी, असं मी मुंबईतल्या त्याच्या डॉक्टरांना चिठ्ठीत सुचवतो. निर्णय त्यांचा, माझी चिठ्ठी फक्त त्याच्या गावची परिस्थिती त्यांच्यापर्यंत नेते. जोर कमी झाला, दात्याच्या हृदयाविरुद्धची नवी अँटिबॉडी आढळली, सीटीत संशय आला, तर अँजिओग्राफीला पर्याय नाही आणि तिथे मी आजही आवाज चढवतो.

त्या तरुणाची सीटी झाली. त्याच्या मुंबईच्या डॉक्टरांनी मान्य केल्यावर, आणि आधी ठोके खाली आणून. तो गेला, कारण जायला घाबरण्यासारखं काही नव्हतं. अहवालात काय होतं ते त्याचं खासगी आहे. एवढंच सांगतो, की पुढच्या वर्षाची तारीख त्याने स्वतःहून विचारली आणि ती काढणीनंतरची घ्या म्हणाला. ती तशीच घेतली.

आणखी एक गोष्ट मला फार तीव्रतेने वाटते. या आजारात एकट्या चित्राला किंमत कमी. गेल्या वर्षीच्या चित्राशेजारी यंदाचं ठेवलं तरच भिंत जाडावते आहे का ते कळतं. पण आमच्या भागातला माणूस रुग्णालयातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात फक्त छापील अहवाल असतो, चित्रं नसतात. अवयव वाटपासाठी राज्यात चार समन्वय समित्या आहेत, कोणाला कोणतं हृदय मिळालं याची नोंद आहे. ज्याला हृदय मिळालं त्याच्या धमन्यांचं वर्षानुवर्षांचं दप्तर मात्र त्याच्या खांद्यावर. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्यातल्या प्रत्यारोपित रुग्णांसाठी एक ठरलेली जागा असावी. तिथे सीटी व्हावी, चित्रं जपली जावीत आणि तीच चित्रं मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना पडद्यावर उघडून बघता यावीत. प्रत्यारोपित हृदयाची सीटी वाचायला शिकलेले दोन-तीन रेडिओलॉजिस्ट हवेत. ते शिकणं अशक्य नाही, त्यासाठी मुंबईतल्या केंद्रांनी काही आठवड्यांचं प्रशिक्षण द्यायला हवं. तोवर मी माझ्या रुग्णाला सांगतो, की बिल भरताना चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घे, दिली नाही तर लेखी अर्ज कर, आणि गावी आल्यावर त्याची एक प्रत माझ्याकडे ठेव.